लष्करी अपॉथेकरी : एका विस्मृत पेशाचा मागोवा

हिंदुस्थानातल्या ब्रिटिश वैद्यकीय सेवेचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला डी. जी. क्रॉफर्ड यांचे ऋण मानावे लागते. ते स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले अधिकारी. १९१४ साली त्यांनी या सेवेचा इतिहास दोन खंडांत प्रसिद्ध केला आणि १९३० साली तिची नामावली काढली. १६१५ पासून १९३० पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या चाकरीत आलेल्या सर्जनांची नोंद त्यांनी अपार चिकाटीने एकत्र केली. ज्याचा खापरपणजोबा अशा सर्जनांपैकी होता, त्याचा शोध ही नामावली उघडली की बराचसा संपतो. ज्याचा पूर्वज त्याच सर्जनच्या हाताखाली, त्याच इस्पितळात तीस-तीस वर्षे औषधे घोटत, तोलत आणि जखमा बांधत होता, त्याला मात्र या जाड ग्रंथात सहसा काही सापडत नाही. अपॉथेकरी, हॉस्पिटल स्टुअर्ड, ड्रेसर, हॉस्पिटल असिस्टंट ही सगळी दुय्यम सेवेतली माणसे. राजाच्या सहीची अधिकारपत्रे त्यांच्यापाशी नव्हती, म्हणून नामावलीतही ती आली नाहीत. छावणीतल्या सामान्य शिपायाला आजारपणात सर्वांत अधिक भेटणारा माणूस मात्र हाच असे. त्याचा पेशा कुठून आला आणि त्याच्या वंशजांनी त्याला कुठे शोधावे, हे आपण सुरुवातीपासून पाहू.

सैन्याबरोबर औषधे बाळगणारा माणूस ही कल्पना या भूमीला नवी नव्हती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'युक्तसेनीय' नावाचा अख्खा अध्याय राजाच्या सैन्याबरोबर जाणाऱ्या वैद्याला दिलेला आहे. कौटिल्यही रणभूमीच्या मागे शस्त्रे, औषधे, तेले आणि पट्ट्या घेऊन उभे राहणारे चिकित्सक सांगतो. पण आपण ज्या माणसाचा माग काढतो आहोत तो या परंपरेतून उतरला नाही. तो समुद्रावरून आला. त्याचा पहिला पूर्वज पोर्तुगीज होता. तोमे पिरेश हा पोर्तुगालच्या राजपुत्राच्या पदरी असलेला औषधकार १५११ साली हिंदुस्थानात आला, कन्नूरला औषधी द्रव्यांचा कारभार पाहू लागला, पुढे मलाक्क्याला गेला आणि तिथे 'सुमा ओरिएंताल' हा पूर्वेकडील देशांचा आणि व्यापाराचा वृत्तांत त्याने लिहिला. पोर्तुगालचा वकील म्हणून तो चीनला गेला, तो परतलाच नाही. त्याच्यामागून आलेला गार्सिया द ओर्ता हा वैद्य गोव्यात स्थायिक झाला आणि १५६३ साली तिथेच त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ छापला गेला. मुंबईचे बेट काही काळ याच ओर्ताकडे खंडाने होते, ही गोष्ट मुंबईकरांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इंग्रजांच्या बाजूचा धागा १६१७ सालच्या लंडनमध्ये सुरू होतो. त्याआधी तिथले अपॉथेकरी किराणा आणि मसाल्याच्या व्यापाऱ्यांच्या संघातच मोडत. मिरी, जायफळ, रेवाचिनी, अफू हे सारे एकाच दुकानी मिळत असल्याने त्यात नवल नव्हते. १६१७ च्या डिसेंबरात पहिल्या जेम्स राजाच्या सनदेने अपॉथेकऱ्यांचा स्वतंत्र संघ झाला. त्याच वर्षी जॉन वूडॉल या ईस्ट इंडिया कंपनीच्या सर्जन-जनरलने जहाजावरच्या तरुण सर्जनांसाठी 'द सर्जन्स मेट' हे पुस्तक छापले. औषधांच्या पेटीत काय काय असावे, कोणती वस्तू कुठल्या खणात ठेवावी, हे त्यात बारकाईने सांगितले आहे. १७०४ साली लॉर्ड्सच्या सभागृहाने रोझ नावाच्या अपॉथेकऱ्याच्या बाजूने निकाल दिला आणि अपॉथेकऱ्याला रुग्ण तपासून औषध सांगण्याची कायद्याने मुभा मिळाली. इंग्लंडातला अपॉथेकरी इथून पायरी-पायरीने सामान्य माणसाचा डॉक्टर होत गेला. हिंदुस्थानात मात्र त्याच नावाच्या माणसाला शेवटपर्यंत सर्जनच्या एक पायरी खाली उभे राहावे लागले. तसे का झाले, हे समजल्याशिवाय वंशावळीतली पुढची कोडी सुटत नाहीत.

कंपनीने १६६४ साली मद्रासच्या किल्ल्यात आजारी शिपायांसाठी एका घरात इस्पितळ उघडले. पुढे मुंबईतही इस्पितळ झाले. शंभर वर्षे हा कारभार सुटासुटा चालला. १७६४ साली बंगालमध्ये कंपनीच्या वैद्यकीय सेवेची रीतसर उभारणी झाली आणि त्याच सुमारास मद्रास आणि मुंबई इलाख्यांतही सर्जनांच्या श्रेणी ठरल्या. पण पलटणी झपाट्याने वाढल्या आणि सर्जन विलायतेहून मागवावे लागत. त्यांच्या हाताखाली औषधे करायला प्रशिक्षित माणूसच नसे. पलटणीतला एखादा गोरा शिपाई या कामावर लावला जाई, आणि पलटण हलली की तोही हाती लागत नसे.

याच काळात दुसरीकडे एक अन्याय घडत होता. युरोपीय शिपाई आणि अधिकाऱ्यांना हिंदी स्त्रियांपासून झालेली मुले छावण्यांत वाढत होती. बाप लढाईत किंवा तापाने गेला की ती अनाथालयात जात. १७८६ साली कलकत्त्याच्या लष्करी अनाथालयातल्या अशा मुलांना शिक्षणासाठी विलायतेला पाठवण्यास बंदी झाली. १७९१ साली आई किंवा बाप हिंदी असलेल्याला कंपनीच्या मुलकी, लष्करी आणि आरमारी नेमणुकांची दारे बंद झाली. १७९५ साली सैन्यात अशा माणसाला वाजंत्री, ढोलवादक किंवा नालबंद एवढेच होता येईल असे ठरले. कंपनीने आपल्याच शिपायांच्या मुलांवर केलेला हा उघड अन्याय होता, आणि अपॉथेकऱ्यांचा वर्ग त्याच्याच पोटी जन्मला. इस्पितळांना माणसे हवी होती, अनाथालयांत इंग्रजी वाचता-लिहिता येणारी मुले होती, आणि त्यांच्यासाठी बाकी दारे बंद होती. १८१२ साली बंगालमध्ये रीतसर दुय्यम वैद्यकीय खाते उभे राहिले. अनाथालयांतून आणि फ्री स्कूलमधून मुले निवडायची, त्यांना इस्पितळात उमेदवारी करू द्यायची आणि हळूहळू कंपाउंडर, ड्रेसर, अपॉथेकरी असे वर चढवायचे, ही त्याची घडण. मद्रासला एग्मोरच्या अनाथालयातल्या मुलांसाठी हीच वाट मोकळी झाली. म्हणून ज्या अँग्लो-इंडियन कुटुंबाचा शोध अपॉथेकऱ्यापाशी पोहोचतो, तिथे त्याच्या आधीची पिढी शोधताना अनाथालयाच्या प्रवेशनोंदी पाहायच्या असतात. बाप कुठल्या पलटणीत होता हे पुष्कळदा तिथेच सापडते.

चौदा-पंधरा वर्षांच्या या उमेदवाराला नेमके काय करावे लागे, हेही जरा जवळून पाहू. पहाटे सर्जनच्या फेरीआधी रात्रीच्या रुग्णांची हकिगत वहीत उतरवायची. सर्जनने सांगितलेली औषधे फेरीबरोबर टिपून घ्यायची. मग कोठीत येऊन खल-बत्ता आणि तराजू पुढे घ्यायचा. वीस ग्रेनचा एक स्क्रुपल, तीन स्क्रुपलांचा एक ड्राम, आठ ड्रामांचा एक औंस, हे कोष्टक त्याला झोपेतही म्हणता आले पाहिजे. डोव्हर्स पावडर घेतली तर तिच्या दहा ग्रेनांत एक ग्रेन अफू आणि एक ग्रेन इपिकॅक. एक ग्रेन म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम पासष्ट मिलिग्रॅम. कंदिलाच्या उजेडात, पावसाळी दमट हवेत, गोळी वळायला बसलेल्या त्या पोराच्या हातून अफू प्रमाणाबाहेर गेली तर पलीकडच्या खाटेवरचा माणूस सकाळी उठला नसता. कॅलोमेल, एप्सम सॉल्ट, जॅलप, अफूचा अर्क आणि १८२० साली शोध लागल्यानंतर क्विनीन, एवढ्या मोजक्या औषधांवर इस्पितळ चाले. याशिवाय जळवा लावणे, तुंबड्या लावणे, पट्ट्या बांधणे ही कामे होतीच. स्टुअर्ड झालेल्याकडे रुग्णांचा शिधा, अंथरुणे आणि त्यांचे हिशेब येत. १८१७ साली पेंढाऱ्यांविरुद्धच्या मोहिमेवर निघालेल्या गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेत पटकीची साथ शिरली आणि माणसे रस्त्यात पडू लागली, तेव्हा सर्जनांबरोबर हीच दुय्यम माणसे उभी होती. साथ पुढे देशभर पसरली.

मुंबई इलाख्यात या कथेला मराठी वळण मिळाले. १८२६ साली जॉन मॅक्लेनन या सर्जनच्या देखरेखीखाली मुंबईत देशी वैद्यकीय शाळा सुरू झाली. पलटणींच्या आणि मुलकी इस्पितळांसाठी देशी मदतनीस तयार करणे हा तिचा हेतू होता आणि शिकवणे देशी भाषांतून होते. मॅक्लेनन यांनी मराठीत वैद्यकावरची पुस्तकेही तयार करवली. ही शाळा १८३२ साली बंद पडली. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजचा आणि मद्रासच्या मेडिकल स्कूलचा उल्लेख सतत होतो, पण त्यांच्या आधी मुंबईत मराठीतून शरीरशास्त्र शिकवले जात होते, हे आपल्याकडेही फारसे कोणी सांगत नाही. १८३५ च्या जानेवारीअखेर कलकत्त्याला मेडिकल कॉलेज निघाले आणि काही दिवसांतच, २ फेब्रुवारीला, मद्रासला सर्जन मॉर्टिमर यांच्या हाताखाली मेडिकल स्कूल उघडले. मद्रासच्या शाळेचा मूळ हेतूच दुय्यम खात्यातल्या उमेदवारांना आणि देशी ड्रेसरांना शिकवणे हा होता. तीच शाळा १८५० साली मद्रास मेडिकल कॉलेज झाली. म्हणजे देशातल्या एका नामांकित वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले विद्यार्थी हे होऊ घातलेले अपॉथेकरी होते. मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. तिथे पदवीच्या वर्गाशेजारी लष्करी उमेदवारांचा वेगळा वर्ग चाले आणि १८६१ पासून मराठी-गुजरातीतून शिकवणारे वर्गही निघाले. १८७१ साली पुण्यात वैद्यकीय शाळा सुरू झाली. तीच पुढे बैरामजी जीजीभाई मेडिकल स्कूल म्हणून नावारूपाला आली.

या दोन वाटा नीट वेगळ्या ओळखायला हव्यात. अपॉथेकरी हा बहुधा अँग्लो-इंडियन किंवा इथेच वाढलेला युरोपीय, आणि त्याची नेमणूक गोऱ्या पलटणींच्या इस्पितळात. देशी पलटणीत हेच काम नेटिव्ह डॉक्टर, पुढे हॉस्पिटल असिस्टंट करी. मराठी, गुजराती, मुसलमान, तेलुगू तरुण या दुसऱ्या वाटेने सैन्यात शिरले. म्हणून सातारा-रत्नागिरीकडच्या एखाद्या घरात "आमचे पणजोबा पलटणीत डॉक्टर होते" असे सांगितले जात असेल, तर त्यांचा शोध अपॉथेकऱ्यांच्या यादीत नव्हे, हॉस्पिटल असिस्टंटांच्या कागदांत घ्यायचा.

दुय्यम खात्यातला एकच माणूस जगाच्या इतिहासात ठसठशीतपणे उभा आहे, आणि तो निव्वळ पोर होता. अँड्रू फिट्झगिबन याचा जन्म १३ मे १८४५ चा. हॉस्पिटल अप्रेंटिस म्हणून तो ६७ व्या पलटणीबरोबर चीनच्या मोहिमेवर गेला. २१ ऑगस्ट १८६० रोजी ताकूच्या उत्तरेकडील किल्ल्यावर हल्ला झाला. किल्ल्यापासून पाचशे यार्डांवर पलटण थांबलेली असताना एका जखमी डोलीवाल्याला पट्टी बांधण्याचा हुकूम त्याला झाला, आणि जोराच्या माऱ्यात जाऊन त्याने ती बांधली. पलटण पुढे सरकू लागल्यावर दुसऱ्या जखमीसाठी तो उघड्या मैदानातून धावला आणि स्वतः जबर जखमी झाला. तेव्हा त्याचे वय पंधरा वर्षे तीन महिने होते. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या सर्वांत लहान वयाच्या दोघांपैकी तो एक. ज्याच्यासाठी त्याने पहिल्यांदा जीव धोक्यात घातला तो डोलीवाला होता, कुणी साहेब नव्हता, ही गोष्ट मला पदकाहून मोठी वाटते. फिट्झगिबन पुढे अपॉथेकरीपदापर्यंत चढला आणि १८८३ साली दिल्लीत वारला. इतका पराक्रम गाजवूनही त्याची शेवटची पायरी अपॉथेकरीचीच राहिली.

आता आपण सर्वांत फसव्या वळणावर येतो. १८९४ साली सरकारने 'अपॉथेकरी' हे पदनाम काढून टाकले आणि या माणसांना 'असिस्टंट सर्जन' म्हणायचे ठरवले. कामाला साजेसे नाव मिळावे ही त्यांची मागणी रास्तच होती, पण संशोधकांसाठी मोठा गोंधळ झाला. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमाच्या लढाईत विंगेट आणि वायली असे दोन असिस्टंट सर्जन होते; विंगेट तिथेच मारले गेले. हे दोघे विलायतेहून आलेले, अधिकारपत्र असलेले सर्जन. १८७९ साली मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या देशी औषधांची सूची प्रसिद्ध करणारे डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील, हेही असिस्टंट सर्जन. पण ते ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून सरकारी चाकरीत आलेले हिंदी डॉक्टर. आणि १९०० साली खडकीच्या लष्करी इस्पितळात असिस्टंट सर्जन म्हणून नोंदलेला माणूस हा बहुधा कालपरवापर्यंतचा अपॉथेकरी. एकाच पदनामाखाली तीन निराळ्या सेवा, तीन निराळ्या जमाती आणि तीन निराळी दफ्तरे आहेत. साल न पाहता पदनामावर विसंबणारा शोध चुकीच्या घरी जाऊन पोहोचतो. देशी शाखेतही असेच झाले आणि विसाव्या शतकात हॉस्पिटल असिस्टंटचा सब-असिस्टंट सर्जन झाला. मेसोपोटेमियात १९१५-१६ च्या हिवाळ्यात कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या, तेव्हा उपासमारीने आणि स्कर्व्हीने खंगलेल्या शिपायांच्या इस्पितळांत दुय्यम खात्यातल्या दोन्ही शाखांची माणसे होती.

मग शोधावे कुठे? लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची दफ्तरे आहेत. त्यात चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या नकला इलाखानिहाय लावलेल्या आहेत : एन/१ बंगाल, एन/२ मद्रास, एन/३ मुंबई. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा हुद्दा आणि ठिकाण दिलेले असते. एका अपॉथेकऱ्याची पाच-सहा मुले धरली तर पुणे, कामठी, अहमदनगर, देवळाली असा त्याच्या बदल्यांचा नकाशाच हाती येतो. एका मुलाच्या नोंदीवर थांबू नये. सगळ्या भावंडांच्या नोंदी काढाव्यात, हा या शोधाचा सर्वांत उपयोगी नियम आहे. कॅथलिक कुटुंबांच्या नोंदी या नकलांत तोकड्या आहेत, म्हणून त्यांनी त्या त्या चर्चच्या मूळ वह्या पाहाव्यात. मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या एल/एजी/३४ मध्ये मिळतात. कुणाच्या घरात कोणत्या वस्तू होत्या आणि त्या लिलावात कोणी घेतल्या, हे अशा यादीत ओळीने लिहिलेले असते. पगारपत्रकापेक्षा माणूस त्यातून अधिक कळतो. आपल्याकडे मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले राज्य पुराभिलेखागार, दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि गोव्याच्या घराण्यांसाठी पणजीचे पुराभिलेखागार हे तीन दरवाजे आहेत. दफनभूमींच्या दगडांवरची अक्षरे वाचून ठेवण्याचे काम १९७६ साली स्थापन झालेली दक्षिण आशियातल्या दफनभूमींसाठीची ब्रिटिश संस्था करते, आणि ब्रिटिशकालीन हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्यांची संस्था १९९८ पासून नोंदींची सूची तयार करते आहे. मराठी घरांसाठी मात्र पहिला पुरावा बहुधा कपाटातच असतो. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर त्या माणसाचे नाव, हुद्दा आणि खाते कोरलेले असते. पदकावरचा राजाचा चेहरा सगळे पाहतात, कड कोणी पाहत नाही.

३ एप्रिल १९४३ रोजी इंडियन मेडिकल सर्व्हिस, इंडियन मेडिकल डिपार्टमेंट (म्हणजे आपले दुय्यम खाते) आणि इंडियन हॉस्पिटल कोअर एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर उभारण्यात आली. सर्जन आणि त्याचा दुय्यम यांच्यातली जवळजवळ पावणेदोनशे वर्षांची भिंत त्या दिवशी निदान कागदावर तरी पडली. १९४८ च्या मे महिन्यात पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच वर्षी फार्मसीचा कायदा आला. औषध करणाऱ्याला स्वतःची नोंदणी आणि स्वतःचा दर्जा मिळू लागला. जुना मार्ग तरीही एकदम पुसला नाही. तालुक्याच्या दवाखान्यात बाटलीवर कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवून "एका वेळी एक खूण" असे सांगणारा कंपाउंडर आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिला आहे. त्या पट्टीचे माप, त्याचे मिक्श्चर आणि त्याचे पदनामही १८१२ च्या त्या उमेदवारांच्या कोठीतून चालत आले होते.

या माणसांची एकत्रित नामावली अजून छापली गेलेली नाही. ती होईल तेव्हा होईल, पण तिची सामग्री आज घराघरांत आहे आणि ती नष्ट होते आहे. आपल्या घरी वैद्यकीय शाळेची सनद, पेन्शनचा कागद, पलटणीच्या इस्पितळातला समूहफोटो किंवा पदक असेल तर ते मोडीत देऊ नका. फोटोतल्या माणसांची नावे आजी-आजोबांना विचारून मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा, पदकाच्या कडेवरची अक्षरे उतरवून घ्या आणि एक प्रत जवळच्या इतिहास मंडळाकडे किंवा पुराभिलेखागाराकडे पोहोचती करा.